पत्र्याच्या गाडीला त्रिकोणाचा आधार

चार काड्या टोकांना जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर बोटाने दाबा. चौकोन लगेच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी कलंडत नाही. तीन बाजू ठरल्या की तिन्ही कोन आपोआप ठरतात, हे भूमितीच्या तासाला आपण बाबाबा कसोटी म्हणून शिकवतो. छपराची कैची, रेल्वेचा पूल, विजेच्या तारांचे मनोरे या सगळ्यांचा भरवसा याच नियमावर आहे. मोटारीच्या इतिहासात या नियमाची आठवण एकदा जरा उशिरा झाली. ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

सुरुवातीच्या मोटारी बैलगाडीसारख्याच बांधलेल्या असत. खाली पोलादाची भक्कम चौकट, म्हणजे चासी. चाकं, स्प्रिंगा आणि इंजिन त्या चौकटीला जोडलेले. माणसांची बसायची पेटी वरून ठेवलेली. रस्त्याचे हिसके चौकट सोसायची, पेटीला फारसा भार नसे. १९२२ साली इटलीच्या लान्सिया कंपनीने 'लाम्डा' ही गाडी आणली. तिच्यात वेगळी चौकट नव्हती. गाडीचं अंगच सांगाड्याचं काम करत होतं. १९३४ साली फ्रान्सच्या सिट्रोएनने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात उतरवली.

पातळ पत्रा एवढा भार कसा पेलतो? बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवा. झाकण घट्ट बसलेलं असताना तो पिळून पहा, जागचा हलत नाही. झाकण काढलं की तोच डबा हातात वेडावाकडा होतो. सर्व बाजूंनी बंद असण्यातच त्याची ताकद असते. आता गाडीचं बॉनेट उघडून पहा. इंजिनाची जागा म्हणजे झाकण नसलेला डबाच. बॉनेट बिजागऱ्यांवर उघडतं, त्यामुळे ते झाकण असलं तरी भार घेत नाही. पत्र्याच्या गाडीची दुखरी जागा इथेच आहे.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६० सालासाठी 'फाल्कन' ही हलकी, स्वस्त आणि वेगळी चासी नसलेली गाडी आणली. पहिल्याच वर्षी ती चार लाखांहून जास्त खपली. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आडवे दांडे होते. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग खालच्या दांड्यावर टेकते, इथे ती वरच्या दांड्यावर उभी केली होती. तिचं वरचं टोक अडवायला इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन उंच खांब उभारले. धक्के शोषणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बरही त्यातच बसवला, म्हणून त्यांचं नाव शॉक टॉवर. चाक खड्ड्यात आपटलं की धक्का स्प्रिंगमधून थेट या टॉवरच्या माथ्याला बसायचा. म्हणजे सर्वांत मोठा भार नेमका डब्याच्या उघड्या तोंडाशी येत होता.

अमेरिकेच्या गुळगुळीत महामार्गांवर हे खपून गेलं. १९६० सालीच फाल्कन ऑस्ट्रेलियात बनू लागली आणि तिथल्या कच्च्या, खडबडीत रस्त्यांवर पुढच्या चाकांच्या जोडण्या दगा देऊ लागल्या. गाडीची पत गेली. कंपनीला सांगाडा आणि जोडण्या टप्प्याटप्प्याने भक्कम कराव्या लागल्या. गेलेला विश्वास परत मिळवण्यासाठी १९६५ साली मेलबर्नजवळच्या यू यांग्ज इथल्या चाचणी मार्गावर काही गाड्या मिळून ७०,००० मैल, म्हणजे सुमारे १,१२,००० किलोमीटर, जाहीरपणे पळवून दाखवल्या.

याच फाल्कनच्या पायावर फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी 'मस्टँग' आणली. टॉवर तसेच राहिले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीत प्रत्येक टॉवरपासून मागच्या भिंतीपर्यंत एकेक सुटी पट्टी असे. ही भिंत म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधला पत्रा. परदेशी जाणाऱ्या गाड्यांना मात्र दोन्ही टॉवरांपासून निघून भिंतीच्या मध्यावर एकत्र येणारा, एकसंध दाबीव पत्र्याचा आधार मिळे. त्याचं नावच पडलं 'एक्स्पोर्ट ब्रेस'. दुसरा आधार मोटारींच्या शर्यतीतून आला. १९६३ आणि १९६४ साली फाल्कन गाड्या युरोपातल्या माँटे कार्लो रॅलीत उतरल्या होत्या. दोन टॉवरांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला तेव्हापासून 'माँटे कार्लो बार' म्हणतात. कॅरल शेल्बी यांनी १९६५ साली मस्टँगपासून शर्यतीच्या जातीची जीटी ३५० तयार केली, तेव्हा हे दोन्ही आधार एकत्र वापरले.

दोन्ही कशासाठी? नुसता आडवा दांडा लावला तर दोन टॉवर, दांडा आणि खालचा सांगाडा मिळून चौकोन होतो. टॉवरांमधलं अंतर कायम राहतं, पण वळणावर दोघेही मिळून एकाच बाजूला कलू शकतात, आपल्या काड्यांच्या चौकोनासारखेच. टॉवर मागच्या भिंतीला तिरके बांधले की वरून पाहताना त्रिकोण तयार होतो आणि कलंडणं थांबतं. एक आधार अंतर राखतो, दुसरा कोन राखतो.

आज या गाड्या साठीच्या घरात आहेत. त्या जपणारे हौशी लोक अनेकदा असे आधार स्वतः घडवतात, कारण इंजिन बदललेलं असतं आणि तयार दांडा हवेच्या फिल्टरला अडतो. इथे शाळेतलं विज्ञान पणाला लागतं. सरळ नळी ताण आणि दाब उत्तम सोसते. फिल्टर चुकवण्यासाठी तिला बाक दिला की तीच नळी धनुष्यासारखी वाकू लागते. मग जास्त व्यासाची किंवा जाड नळी घ्यावी लागते. दुसरी गोष्ट मोजमापाची. वर्षानुवर्षांच्या भाराने टॉवर आत झुकलेले असतात आणि तयार दांडा भोकांत बसत नाही. अशा वेळी आहे त्या मापाचा दांडा कापून वेल्डिंग केलं तर गाडीचा वाकडेपणाच कायमचा पक्का होतो. चाकं तिरकी राहतात, टायर एका कडेने झिजतात. आधी मूळ माप शोधायचं, जॅक लावून टॉवर हळूहळू जागेवर आणायचे आणि मगच आधार बसवायचा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: आधाराने भार नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. मागची भिंत गंजलेली असेल तर उत्तम दांडासुद्धा तिच्यातून बोल्ट उपटून काढील.

आपल्याकडची अ‍ॅम्बॅसॅडर आणि कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी याही वेगळी चासी नसलेल्याच गाड्या. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट होते, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर एकत्र असलेला उभा खांब. त्याचं वरचं टोकही बॉनेटखालच्या पत्र्याच्या टॉवरलाच टेकतं. पुढे आलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत हीच रचना आहे, त्यामुळे हे टॉवर पाहायला परदेशी गाडीची गरज नाही. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचं बॉनेट मालकाच्या परवानगीने, इंजिन बंद आणि थंड असताना उघडा. दोन्ही कडांना बोल्टांची वर्तुळं दिसतील. मग काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन मुलांना दोन टॉवर आणि मागची भिंत यांचा नमुना करू द्या. काडी कुठे लावली की तो डुलायचा थांबतो, हे त्यांचं त्यांनाच शोधू द्या.

फोर्डच्या अभियंत्यांना त्रिकोण माहीत नव्हता असं नाही. त्यांनी गणित आपल्या ओळखीच्या रस्त्यासाठी केलं, इतकंच. गाडी दुसऱ्या रस्त्यावर गेली आणि गणितात न धरलेला भार समोर आला. उदाहरण सोडवताना 'काय गृहीत धरलं आहे?' हे मुलांना पुन्हा पुन्हा विचारायचं ते यासाठीच.