पेलवेल तेवढाच ताण

धनुष्य किती ताणाचे घ्यावे, हा प्रश्न जुनाच आहे. १५४५ साली बुडालेले इंग्लंडचे 'मेरी रोझ' जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्यावरची धनुष्ये ओढायला १०० पौंडांहून अधिक जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढे बळ एका दिवसात येत नाही. धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी १५४९ च्या प्रवचनात सांगितले होते, की वडील त्यांचे वय आणि ताकद पाहून धनुष्य आणून देत. अंग वाढेल तसे धनुष्यही मोठे होई. शिकवण्याची किती शहाणी रीत!

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरीच्या हॉलेस ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. यातल्या कप्प्यांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. पण दोरी कुठवर यायची, तेही कप्प्याच ठरवतात. म्हणून ओढीची लांबी आपल्या मापाची हवी. दोन्ही हात पसरून जेवढे इंच भरतील, त्यांना अडीचने भागायचे, हा ढोबळ हिशेब. आणि ताण? बसल्या जागी, धनुष्य आभाळाकडे न उचलता ओढता येईल तेवढाच. जास्त घेतला तर हात थरथरतो, नेम चुकतो आणि जनावर जखमी होऊन रानात तडफडते. आपल्या फुशारकीची किंमत मुक्या जिवाने का मोजावी?