फॉर्म एफ आणि धानाचा जिल्हा

भंडारा, तुमसर किंवा पवनीत गर्भवती सोनोग्राफीला जाते, तेव्हा पोटावर जेल लागण्याआधी तिच्यापुढे ‘फॉर्म एफ’ येतो. बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे ती सही करून किंवा अंगठा लावून देते. ते सांगितले नाही, असे डॉक्टर लिहून देतात. तपासणी असते ती बाळाचे ठोके, वाढ आणि वारेची जागा पाहण्यासाठी. अठरा-वीस आठवड्यांच्या सुमारास मणका, मेंदू आणि हृदय तपासले जाते. मग हा कागद कशाला? त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. 1980च्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून मुलींचे गर्भ पाडले जात होते. त्याविरुद्ध कार्यकर्ते उभे राहिले आणि 1988मध्ये देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात झाला. केंद्राचा कायदा 1994चा. पण तोवर स्वस्त होत चाललेली सोनोग्राफी तालुक्यांकडे निघाली होती. सेहत आणि मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज 2000 साली सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यानंतर 2003ची दुरुस्ती आली आणि यंत्रांवरचा लगाम घट्ट झाला.

भंडाऱ्याला हा जाच कशासाठी, असे विचारता येईल. 2011च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे इथे 950 मुली होत्या. राज्यात 894, बीडमध्ये 807. धानाची रोवणी बायकांच्या हातांवर चालते, म्हणून इथे मुलगी जड होत नाही, असे कारण दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. बीडमध्येही उसाच्या फडात बाई पुरुषाच्या जोडीने राबते, आणि तिथे हाच आकडा 1991मध्ये 939 होता. वीस वर्षांत तो 132ने घसरला. कष्ट मुलीला वाचवत नाहीत, आणि आजचा चांगला आकडा उद्याची हमी देत नाही. कागदातल्या चुकीसाठी डॉक्टरला गुन्हेगार ठरवणे अन्याय्य आहे, ही दुसरी तक्रार. तिच्यात तथ्य आहे; पण फॉर्ममधली नोंद हाच जवळजवळ एकमेव पुरावा उरतो, कारण बंद खोलीतल्या इशाऱ्याला साक्षीदार नसतो. सर्वोच्च न्यायालयानेही 2019मध्ये ही तरतूद कायम ठेवली. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: सही करायला लावून बाईवरच संशय घेतला जातो. तरीही घरचे “काय आहे?” विचारतात, तेव्हा नकाराचे ओझे तिच्या एकटीवर पडत नाही. ते कायद्याने उचललेले असते.