थॉमस जेफरसन हायस्कूल: सरकारी शाळेच्या प्रवेशाचा वाद सुप्रीम कोर्टात का गेला?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या फेअरफॅक्स काउंटीत ‘थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ ही सरकारी शाळा आहे. व्हर्जिनिया राज्यातील ही विज्ञान शाळा १९८५ मध्ये सुरू झाली. खगोलशास्त्र, मेंदूविज्ञान, रोबोटिक्स, समुद्रविज्ञान अशा विषयांच्या प्रयोगशाळा इथे आहेत. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्प करावा लागतो. विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘टीजेथ्रीसॅट’ हा छोटा उपग्रह २०१३ मध्ये अवकाशात गेला.

वाद कशावरून?

पूर्वी इथे प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळायचा. २०२० मध्ये शिक्षण मंडळाने ही परीक्षा आणि अर्जाचे शुल्क रद्द केले. प्रत्येक माध्यमिक शाळेतील आठवीच्या १.५ टक्के विद्यार्थ्यांइतक्या जागा त्या शाळेसाठी ठेवण्यात आल्या. महागडे क्लास परवडणाऱ्या मुलांनाच संधी मिळू नये, हा त्यामागचा एक हेतू होता.

पहिल्याच वर्षी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते, ते २५ टक्क्यांवर गेले. आशियाई-अमेरिकी विद्यार्थ्यांचे प्रमाण मात्र ७३ वरून ५४ टक्क्यांवर आले. त्यामुळे काही पालक कोर्टात गेले. त्यात भारतीय वंशाचे पालकही होते.

निकाल काय लागला?

२०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि नवी पद्धत कायम राहिली. मात्र गुणवत्ता एका परीक्षेवरून ठरवावी का, हा प्रश्न तिथे अजूनही चर्चेत आहे.