पावले कोणाची?

अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या पायाला पुन्हा चालते करण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवी रीत रूढ होऊ लागली. रुग्णाला पट्ट्यांनी वरून तोलून धरायचे आणि पायांखाली ट्रेडमिलचा सरकता पट्टा चालवायचा. पट्टा सरके, पाय मात्र आपण होऊन पुढे येत नसे. म्हणून बाजूला बसलेले फिजिओथेरपिस्ट एकेक पाऊल हाताने उचलून ठेवीत. थोड्याच वेळात त्यांची पाठ भरून येई. यंत्र जन्माला आले ते बव्हंशी या थकव्यातून, हे आम्हांला ध्यानात ठेवण्याजोगे वाटते.

बर्लिनमध्ये श्टेफान हेस्से यांनी पावलांखालच्या फळ्या फिरविणारे यंत्र घडविले. झुरिकच्या बालग्रिस्ट इस्पितळात गेरी कोलोम्बो यांनी मांड्या व पोटऱ्यांना बांधायचे यांत्रिक पाय तयार केले. तेच पुढे ‘लोकोमॅट’ या नावाने सर्वत्र गेले.

रुग्णांचे अनुभव दुहेरी आहेत. कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस उभा राहतो, समोरच्याच्या डोळ्यांना डोळा देतो, पडण्याची धास्ती नसते. हा आनंद थोडाथोडका नव्हे. पण जांघेत पट्टे रुततात, यंत्राची लय आपली वाटत नाही. आणि चाललो ते आपण की यंत्र, हा प्रश्न मनात उरतोच. प्रश्न भाबडा नाही. पाय यंत्रच हलवीत असेल, तर स्नायू नकळत सुस्तावतात. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, थोडेफार चालू शकणाऱ्या रुग्णांचा वेग लोकोमॅटपेक्षा फिजिओथेरपिस्टच्या नेहमीच्या उपचारांनी अधिक वाढला.

म्हणून यंत्र निरुपयोगी ठरले काय? तसे नव्हे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ६२ चाचण्या व २,४४० रुग्ण तपासले गेले. फिजिओथेरपीला यंत्राची जोड मिळाल्यास स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते, असे दिसले. लाभ अधिक कोणाला? ज्यांना मुळीच चालता येत नाही आणि झटका येऊन तीन महिने उलटलेले नाहीत, त्यांना.

पुढे यंत्रेही बदलली. लागेल तेवढाच आधार देऊन उरलेला जोर रुग्णाला लावू देणारी रचना आली. ‘एक्सो’ हा अंगावर चढवायचा सांगाडा तर ट्रेडमिल सोडून साध्या जमिनीवर चालवितो. अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी त्याला २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच तो वापरावा, या अटीवर.