श्वास रोखू नका: गोझोचा डोह आणि एका नियमाचा इतिहास

आजचा भाग भूमध्य समुद्रातल्या माल्टा देशाचा, आणि त्यातही गोझो नावाच्या छोट्या बेटाचा. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर द्वेरा नावाची जागा आहे. तिथली 'अझ्यूर विंडो' ही दगडी कमान तुम्ही फोटोत पाहिली असेल. ८ मार्च २०१७ ला ती वादळात कोसळली. पण तिच्या पायथ्याशी असलेला 'ब्लू होल' अजून जागेवर आहे.

निघोजचे रांजणखळगे आठवा. ते नदीने बेसाल्टात कोरले. हा डोह चुनखडीत झालाय, आणि चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. साधारण दहा मीटर रुंद, पंधराएक मीटर खोल. बाहेर समुद्र, मध्ये खडकाचं कडं, आणि पाण्याखाली आठेक मीटरवर एक मोठी खिडकी, जिच्यातून थेट खुल्या समुद्रात जाता येतं. शांत दिवशी नवशिक्यांना इथे आणतात. पाठीवर सिलेंडर, तोंडात रेग्युलेटर, आणि कानावर एकच वाक्य: श्वास कधीही रोखू नका.

मालवणला किल्ल्याजवळ स्कूबा केलं असेल, तर हे तुम्हीही ऐकलं असेल. मला गंमत वाटते ती अशी, की माणूस हजारो वर्षं पाण्यात उतरतोय तो नेमका याच्या उलट वागून!

ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरचे स्पंज काढणारे घ्या. हातात एक चपटा जड दगड, छातीत एक मोठा श्वास, आणि सरळ तळाला. श्वास धरून ठेवणं हीच त्यांची विद्या. वर घेतलेली हवा खाली दाबाने आकसते आणि वर येताना पुन्हा तेवढीच होते. फुप्फुसाला धोका नाही. म्हणजे आजी-आजोबांनी विहिरीत शिकवलेलं "नाक दाब, श्वास धर" हे चूक नव्हतंच.

१८६० च्या दशकात या बेटांवर हेल्मेटचा सूट आला. वरून पंपाने हवा मिळू लागली, माणूस खाली तासन्‌तास राहू लागला आणि वर आल्यावर सांधे धरून कळवळू लागला. कित्येक जण लुळे झाले, कित्येक दगावले. गावाला वाटलं, समुद्राचा कोप. फ्रान्समध्ये पॉल बेर यांनी १८७८ मध्ये खरं कारण मांडलं: दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब एकदम उतरला की बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. गोटी सोड्याची बाटली फोडली की होतं तसं.

मग स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्या दाबाच्या टाकीत घातल्या. वर आणल्यावर जी बकरी पुढचा पाय उचलून धरी, तिला त्रास झाला असं समजायचं. बिचाऱ्या बकऱ्या! पण त्यातून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं निघाली. हॉल्डेनसाहेबांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही सूट घालून समुद्रात उतरवलं होतं. तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दाबाच्या प्रयोगांत त्यांच्या कानाचा पडदा फाटला, तर आता कानातून तंबाखूचा धूर काढता येतो, असं ते सांगत.

आता १९४३. नाझींच्या ताब्यातला फ्रान्स. नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी 'अ‍ॅक्वालंग' तयार केलं. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवायला गान्यांनी एक व्हॉल्व्ह केला होता. त्याचंच हे सुधारलेलं रूप. श्वास ओढला की तेवढीच हवा, आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाची.

सगळी मेख इथे आहे. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेऊन तोंड मिटलं आणि वर आलात, तर पाच लिटरची दहा लिटर होऊ पाहते. फुप्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते, मेंदूपर्यंत जाते. याला दीड मीटर खोलीही पुरते. दाबाचं प्रमाण सगळ्यात झपाट्याने बदलतं ते वरच्या दहा मीटरांतच, म्हणजे नवशिके जिथे असतात तिथेच. तीसवरून वीसवर येताना हवा एक तृतीयांशाने फुगते. दहावरून वर येताना दुप्पट होते.

म्हणून "उथळच तर आहे" असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते. मास्कमध्ये पाणी शिरलं, घाबरगुंडी उडाली, की शरीर जुनीच विद्या आठवतं: श्वास धर आणि वर पळ. ती मोडायला सराव लागतो. ब्लू होलमध्ये त्यासाठी आधी कडेच्या उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसवतात. रेग्युलेटर तोंडातून काढायचा, बारीक बुडबुडे सोडत राहायचं, पुन्हा घालायचा. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून ते नाकाने बाहेर काढायचं. मग पुन्हा. पहिल्यांदाच डुबकी मारणाऱ्याला साधारण बारा मीटरपर्यंतच नेतात, प्राथमिक कोर्स झालेल्याला अठरापर्यंत. खिडकी आठ मीटरवर असली तरी तिच्यापलीकडे तळ झपाट्याने खोल जातो, त्यामुळे तिकडे जायचं की नाही हे इन्स्ट्रक्टर ठरवतो. तो नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका.

पुढच्या भागात कालिम्नोसच्या त्या स्पंजवाल्यांकडेच जाऊ. तोवर प्रश्न पाठवत राहा.