एकदा सिझर, कायम सिझर? एका वाक्याची शंभर वर्षं

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग नेहमीपेक्षा थोडा घरगुती आहे. इतिहासच सांगणार आहे, पण त्याची सुरुवात आमच्या कपाटातल्या एका प्लास्टिकच्या पिशवीपासून होते.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मला आठवा महिना चालू आहे. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची. तिच्या वेळी सिझर झालं होतं, कारण ती पायाळू होती. या वेळी बाळाचं डोकं खाली आहे, सगळं ठीक आहे. म्हणून मी डॉक्टरांना सहज विचारलं, ‘या वेळी नॉर्मल होऊ शकेल का?’ त्यांनी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. म्हणाल्या, ‘आधी जुने कागद घेऊन या. आतला छेद कसा होता ते बघू.’

घरी येऊन हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच. उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस.’ आईला फोन केला, तर तीही हेच म्हणाली. शेजारच्या काकूंनीही हेच सांगितलं. तिघींचे शब्द जवळजवळ सारखे. मला गंमत वाटली. इतकं पक्कं वाक्य आलं कुठून? शोधत गेले, तर ते वाक्य सापडलं थेट १९१६ सालच्या न्यूयॉर्कमध्ये.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून ‘सिझेरियन’ हे नाव पडलं, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते खरं असण्याची शक्यता फार कमी. सीझरची आई ऑरेलिया त्याच्या जन्मानंतर कित्येक वर्षं जिवंत होती. आणि त्या काळी पोट उघडून बाळ काढायचे ते आई गेल्यावर, किंवा ती वाचणारच नाही असं दिसल्यावर. पुढची जवळपास दोन हजार वर्षं यात फारसा फरक पडला नाही. सिझर म्हणजे आईचा मृत्यू, हेच समीकरण होतं.

का? भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, हे तर आहेच. पण आणखी एक कारण आहे, आणि ते वाचून मी थक्क झाले. डॉक्टर गर्भाशयाला टाकेच घालत नसत. बाळ काढायचं, वरचं पोट शिवायचं आणि गर्भाशय तसंच सोडून द्यायचं. ते आपोआप आकसतं आणि मिटतं, अशी समजूत होती. शिवाय आत घातलेला टाका नंतर काढायचा कसा, हा प्रश्न. त्यामुळे कितीतरी बायका रक्तस्रावाने नाहीतर जंतुसंसर्गाने जायच्या.

१८७६ मध्ये इटलीतल्या पाव्हिया गावी एदुआर्दो पोरो नावाच्या डॉक्टरांनी यावर एक भयंकर तोडगा काढला. बाळ काढलं की गर्भाशयही काढून टाकायचं. रक्तस्राव होणारी जागाच उरत नाही! त्यांची रुग्ण जुलिया कावालिनी वाचली, बाळही वाचलं. पण तिला पुन्हा मूल होण्याचा प्रश्नच संपला. म्हणजे ‘सिझरनंतरचं बाळंतपण’ हा विषयच तेव्हा अस्तित्वात नव्हता.

तो विषय जन्माला आला १८८२ मध्ये. जर्मनीत लाइपझिगला माक्स झेंगर नावाच्या तरुण डॉक्टरांनी दाखवून दिलं की गर्भाशयाला चांदीच्या तारेने आणि रेशमाने नीट टाके घातले तर बाई वाचते आणि गर्भाशयही राहतं. आता सिझर झालेली बाई पुन्हा गरोदर राहू लागली. आणि डॉक्टरांपुढे नवा प्रश्न उभा राहिला: ही शिवण पुढच्या कळा सोसेल का?

इथे जरा थांबा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. झेंगर यांच्या पद्धतीत छेद उभा असायचा आणि गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर असायचा. कळा येतात तेव्हा जोर लावतो तो नेमका हाच भाग. बाळंतपण झाल्यावरही तो कितीतरी दिवस आकसत राहतो, त्यामुळे जखमेला भरून यायला निवांतपणा मिळत नाही. तिथला व्रण कच्चा राहतो. पुढच्या वेळी कळांचा जोर आला की तो उसवण्याची भीती मोठी. आज अशा छेदासाठी धोका साधारण शंभरात चार ते नऊ इतका धरतात. गर्भाशय फाटलं तर हातात मोजकी मिनिटं असतात. बाळाचे ठोके पडतात, आईला आत रक्तस्राव होतो.

आता १९१६. न्यूयॉर्कमधले नामांकित प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन. त्यांनी एका लेखात ते वाक्य लिहिलं, त्याचा आशय असा की एकदा सिझर, की कायम सिझर. आमच्या सासूबाईंचं वाक्य ते हेच.

पण क्रेगिन यांचा मुद्दा काय होता माहितीये? त्यांचा लेख होता डॉक्टरांनी हात आखडता घ्यावा यासाठी. पहिलं सिझर करताना दहादा विचार करा, असं ते सांगत होते, कारण तुम्ही त्या बाईला पुढच्या शस्त्रक्रियांमध्येही अडकवताय. आणि त्याच लेखात त्यांनी अपवादही मान्य केला होता. त्यांच्याच एका रुग्णाला सिझरनंतर तीन मुलं विनात्रास नॉर्मल झाली होती.

म्हणजे पहिल्या सिझरबद्दलचा इशारा लोक विसरले आणि दुसऱ्या सिझरबद्दलचा नियम तेवढा लक्षात ठेवला.

दरम्यान छेदच बदलला होता. जर्मनीत फर्डिनांड केहरर यांनी १८८१ मध्येच गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेऊन पाहिला होता, पण त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी हीच पद्धत लावून धरली. खालचा भाग पातळ असतो. कळांच्या वेळी तो जोर लावत नाही, ताणला जातो. बाळंतपणानंतर तो शांत असतो, त्यामुळे जखम नीट भरते. हळूहळू जगभर हाच छेद रूढ झाला. आज होणारी बहुतेक सिझर याच पद्धतीची.

आता मजा बघा. क्रेगिन यांचं वाक्य होतं जुन्या छेदासाठी. छेद बदलला, वाक्य तसंच राहिलं. अमेरिकेत तर ते पुढची कित्येक दशकं कायद्यासारखं पाळलं गेलं.

१९७० मध्ये अमेरिकेत शंभरातल्या पाच-सहा बाळंतपणांत सिझर व्हायचं. १९८० पर्यंत ते सोळाच्या वर गेलं. त्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक बोलावली. निष्कर्ष असा निघाला की आधीचा छेद खालचा आणि आडवा असेल, तर निवडक बायकांना नॉर्मलचा प्रयत्न करू देणं योग्य आहे. या प्रयत्नाला यश आलं की त्याला ‘व्हीबॅक’ म्हणतात. प्रमाण वाढत गेलं. १९९६ मध्ये, आधी सिझर झालेल्या शंभर बायकांपैकी अठ्ठावीस जणींचं बाळंतपण नॉर्मल झालं.

आणि मग लंबक उलटा फिरला. काही विमा कंपन्या खर्च वाचवायला हाच आग्रह धरू लागल्या. कोणासाठी योग्य, कोणासाठी नाही, हे पुरेसं न बघता प्रयत्न होऊ लागले. कळा येत नसतील तर औषधं देऊन आणल्या जाऊ लागल्या. गर्भाशय फाटल्याच्या घटना घडल्या, खटले झाले. १९९९ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की असा प्रयत्न करायचा तर तातडीचं सिझर करू शकणारे डॉक्टर तिथे लगेच हजर हवेत. लहान रुग्णालयांना ते जमेना. २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या वीस हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास आला. कळा आपसूक आल्या तर गर्भाशय फाटण्याचं प्रमाण हजारात पाच. प्रोस्टाग्लँडिन औषधांनी कळा आणल्या तर हजारात चोवीस. कितीतरी रुग्णालयांनी दारंच बंद केली. २००६ पर्यंत ते अठ्ठावीसचं प्रमाण नऊच्याही खाली आलं.

२००४ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. सुमारे अठरा हजार बायकांनी प्रयत्न केला. शंभरातल्या त्र्याहत्तर जणींचं नॉर्मल झालं. गर्भाशय फाटलं ते हजारात सात जणींचं. म्हणजे धोका कमी आहे, पण शून्य नाही. २०१० मध्ये त्या संघटनेने सूर बदलला: एकदा आडवा छेद झालेल्या बहुतेक बायकांना निदान हा पर्याय समजावून सांगा, आणि निर्णय तिच्यासोबत घ्या.

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपलं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये भारतात शंभरातली साडेआठ बाळंतपणं सिझरने होत होती. २०१९-२१ मध्ये साडेएकवीस. खाजगी रुग्णालयांत तर सत्तेचाळीस, म्हणजे जवळपास निम्मी. महाराष्ट्रात एकूण चारातलं एक. यातली कितीतरी सिझर जीव वाचवणारीच असतात. माझंही तसंच होतं, मला त्याबद्दल काही खंत नाही. पण आता माझ्या जागी लाखो मुली आहेत. दुसऱ्या बाळाच्या वेळी प्रत्येकीपुढे हाच प्रश्न असणार.

म्हणून डॉक्टरांशी पुन्हा बोलले. त्या काय काय बघतात? आधीचा छेद कुठे होता. आधीचं सिझर कशासाठी झालं: पायाळू बाळ हे दर वेळी होणारं कारण नाही, ही माझ्या बाजूने गोष्ट. दोन बाळंतपणांत किती अंतर आहे: दीड-दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर व्रण उसवण्याचा धोका वाढतो. आधी कधी नॉर्मल झालं असेल तर यशाची शक्यता बरीच जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जिथे बाळंतपण होणार, तिथे रात्री तीन वाजताही ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल का? बाळाचे ठोके सतत बघायला कोणी असेल का? आपल्याकडे छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ फोन केल्यावर बाहेरून येतात. अशा ठिकाणचे डॉक्टर ‘नको’ म्हणत असतील, तर दर वेळी त्यामागे पैसाच असतो असं नाही. कधी कधी ती प्रामाणिक भीती असते.

दुसरी बाजूही आहे. दर सिझरनंतर पुढच्या गरोदरपणी वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. म्हणजे ‘पुन्हा सिझर’ हाही बिनधोक रस्ता नाही. दोन्हीकडे काहीतरी आहेच. ठरवून पुन्हा सिझर करून घेणारी बाई घाबरट नसते, आणि नॉर्मलचा प्रयत्न करणारी शूर नसते. दोघी आपापल्या कागदांवरून ठरवतात.

तर कागद. ती पिशवी. मी तीन तास शोधली. रेशन कार्ड, लसीकरणाचं कार्ड, गॅसचं पुस्तक, आणि त्याखाली घडी पडलेलं डिस्चार्ज कार्ड. ऑपरेशनच्या रकान्यात फक्त चार अक्षरं: एलएससीएस. साडेतीन वर्षं तो कागद घरात होता, मी एकदाही विचारलं नाही की याचा अर्थ काय.

लोअर सेगमेंट सिझेरियन सेक्शन. खालच्या भागावरचा छेद. केहरर, कर, ग्लासगो, चाळीस वर्षांची खटपट, सगळं त्या चार अक्षरांत.

आणि हो, पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून आतलाही आडवाच असेल असं समजू नका. बाहेरचा छेद वेगळा, आतला वेगळा. आतलं फक्त कागद सांगतो. माझ्या डॉक्टरांना तर ती चार अक्षरंही पुरली नाहीत. त्यांनी जुन्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेची पूर्ण नोंद मागवायला सांगितली. आली. छेद आडवा, खाली, कुठेही वर वाढवलेला नाही.

आमचं ठरलंय ते असं: कळा आपसूक आल्या तर मोठ्या रुग्णालयात प्रयत्न. नाही आल्या, किंवा ठोके बिघडले, तर सिझर. सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘माझ्या सिझरचा कागद कुठे असेल गं?’ त्यांचं सिझर १९८९ सालचं. धाकट्या दिराच्या वेळी त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. थेट तारीख दिली होती.

मंडळी, तुमच्या घरात कोणाचं सिझर झालं असेल, तर आज तो कागद शोधा, फोटो काढून फोनमध्ये ठेवा. सापडत नसेल तर रुग्णालयात जाऊन मागा.

पुढचा भाग कधी येईल ते मात्र नक्की सांगता येत नाही. कारण तुम्हाला माहीतच आहे. भेटू.