चॉइस ऑफ ब्रॉडसाइड्स : एकही चित्र नसलेला समुद्री गेम कसा चालतो?

कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये माझा जो रूममेट होता, त्याची नजर गेल्या काही वर्षांत हळूहळू जवळजवळ पूर्ण गेली. आम्ही दोघं रात्र रात्र गेम खेळायचो, ते बंद झालं. मध्यंतरी त्याचा फोन आला, "समुद्रावरचा एखादा गेम सांग रे. पण असा सांग, की स्क्रीनवर काय चाललंय हे मला कोणाला विचारावं लागणार नाही." तेव्हा शोधाशोध करून मी त्याला 'चॉइस ऑफ ब्रॉडसाइड्स' सुचवला. आधी स्वतः दोनदा खेळून पाहिला. हा गेम काय आहे, आतून कसा चालतो आणि तुम्ही तो खेळावा का, ते आज पाहू.

गेम आहे तरी काय?

२०१० मध्ये आलेला हा छोटा रोल-प्लेइंग गेम 'चॉइस ऑफ गेम्स' या छोट्या गटाच्या अगदी सुरुवातीच्या गेमपैकी एक आहे. यात ग्राफिक्स नाहीत, आवाज नाही, अॅनिमेशन नाही. फक्त मजकूर आणि त्याखाली पर्याय. एक पर्याय निवडायचा, 'नेक्स्ट' दाबायचं, गोष्ट पुढे सरकते.

काळ नेपोलियनच्या युद्धांचा, पण देशांची नावं बदललेली. ब्रिटनच्या जागी अल्बियन, फ्रान्सच्या जागी गॉल. तुम्ही अल्बियनच्या आरमारात 'मिडशिपमन', म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून सुरुवात करता. तिथून लढाया, बढत्या, द्वंद्व, लग्नाची बोलणी असं करत पुढे जायचं. सी. एस. फॉरेस्टर आणि पॅट्रिक ओब्रायन यांच्या समुद्री कादंबऱ्यांचा प्रभाव गेमवर स्पष्ट दिसतो.

एक गोष्ट मला भारी वाटली. पात्र स्त्री निवडलं, तर गेमचं अख्खं जगच उलटं होतं. आरमारात बायका असतात आणि पुरुषांनी घर सांभाळायचं असतं. नियम तेच, फक्त बाजू बदललेली. दुसऱ्यांदा खेळताना मी तसंच केलं आणि जे संवाद आधी सहज वाचले होते, तेच वाचताना थबकलो.

ब्रॉडसाइड म्हणजे काय?

हे आधी कळलं तर गेम जास्त रंगतो. त्या काळच्या युद्धनौकांवर बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना ओळीने असत. एका बाजूच्या सगळ्या तोफांचा एकदम मारा म्हणजे ब्रॉडसाइड. त्यामुळे शत्रू समोर दिसला म्हणून लगेच तोफा डागता येत नसत. आधी शिडं आणि सुकाणू सांभाळून अख्खं जहाज आडवं आणावं लागे.

वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला जो असेल, तो लढाई कधी सुरू करायची ते बऱ्याच अंशी ठरवू शके. शत्रूच्या मागच्या बाजूने मारा करता आला तर सर्वात उत्तम, कारण तिथे फारशा तोफा नसत आणि आपला गोळा जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नासधूस करत जाई. जवळ जाऊन थेट शत्रूच्या डेकवर उतरायचं की लांबून मारा करायचा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आतलं गणित

हा गेम 'चॉइसस्क्रिप्ट' नावाच्या सोप्या भाषेत लिहिलेला आहे. तुमच्या पात्राचे गुण म्हणजे आकडे असतात आणि प्रत्येक निवडीमागे कुठलातरी आकडा वरखाली होतो. पुढे एखाद्या प्रसंगात गेम तो आकडा तपासतो आणि तुम्ही जिंकलात की हरलात ते ठरवतो.

या भाषेत 'फेअरमॅथ' नावाची एक मस्त सोय आहे. समजा तुमचं एक कौशल्य ५० आहे आणि ते २० टक्क्यांनी वाढवायचं आहे. तर १०० पर्यंत जे ५० उरलेत, त्याचे २० टक्के, म्हणजे १० मिळतात. झाले ६०. पुन्हा तीच वाढ दिली तर उरलेल्या ४० चे २० टक्के, म्हणजे ८. झाले ६८. कमी करताना मात्र असलेल्या आकड्याचे टक्के जातात. ९० वर असाल तर २० टक्के वाढ फक्त २ गुण देते, पण २० टक्के घट १८ गुण नेते.

अर्थ सरळ आहे. ज्या कामात तुम्ही आधीच हुशार आहात, त्यात आणखी पुढे जाणं कठीण आणि घसरणं सोपं. सगळ्याच बाबतीत शंभर नंबरी व्हायला गेलात तर फसाल. दोन-तीन गुण धरा आणि त्यांच्या जोरावर निर्णय घ्या.

आवडलं आणि खटकलं

- लांबी योग्य आहे. मला पहिल्यांदा साधारण दीड तास लागला. रेल्वेच्या प्रवासात आरामात होतो.
- मजकूरच असल्यामुळे जुन्या फोनवरही चालतो.
- मधेच सेव्ह करून मागे जाण्याची सोय नाही. निर्णय चुकला की चुकला. मला हे आवडलं, पण अनेकांना नाही आवडणार.
- एखादा प्रसंग का हरलो, हे गेम स्पष्ट सांगत नाही. 'शो स्टॅट्स' उघडून अंदाज बांधावा लागतो.
- इंग्रजी जुन्या वळणाचं आहे आणि जहाजांचे शब्द भरपूर. सुरुवातीला शब्दकोश लागेल.
- गॉलच्या माणसांची बाजू फारशी कळत नाही. सगळं अल्बियनच्या डेकवरून दिसतं.

न बघता खेळता येतो का?

हाच माझा मुख्य प्रश्न होता. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतं. उजवीकडे स्वाइप केलं की पुढचा भाग, दोनदा टॅप केलं की निवड. या गेममध्ये परिच्छेद, पर्याय आणि बटण एवढंच असल्यामुळे ऐकण्यातून काहीच सुटत नाही. भारी ग्राफिक्सच्या गेममध्ये बटणांना बरेचदा नावच दिलेलं नसतं, तिथे टॉकबॅक मुकं होतं.

मित्राने गेम संपवून फोन केला. जिथे मी लांबून तोफा चालवल्या, तिथे हा पठ्ठ्या शत्रूच्या डेकवर उडी मारून मोकळा! आमचे शेवट वेगळे झाले आणि कोणाचं बरोबर यावर अर्धा तास भांडलो, अगदी हॉस्टेलसारखं. शेवटी तो म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण मराठीत असता तर?"

मग मराठीत लिहूया की!

चॉइसस्क्रिप्ट विनाव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये गोष्ट लिहायची, ओळीच्या सुरुवातीला तारांकन देऊन आज्ञा द्यायच्या आणि ब्राउझरमध्ये चालवायचं. काळजी एकच, ओळींपुढची मोकळी जागा नीट सांभाळा. एका फाइलमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले की एरर येते. मी त्यातच एक संध्याकाळ घालवली.

मी कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातला एक प्रसंग घेतला. तिथे पर्यायच बदलतात. गुराबेच्या नाळेवरही समोर मारा करणाऱ्या तोफा असत, त्यामुळे आडवं न होता शत्रूच्या मागे लागता येई. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबेला ओढून नेत. म्हणजे अल्बियनच्या कॅप्टनला जे सुचणार नाही, ते आपल्या तांडेलाला सुचतं.

देवनागरी मजकूर व्यवस्थित दिसला. फोनमध्ये गूगलचा मराठी आवाज निवडला की टॉकबॅक तो वाचतंही. तीन पानांचाच प्रसंग झालाय. मित्राला पाठवला, त्याने चार वेळा खेळून दोन चुका काढल्या आणि विचारलं, "पुढचं कधी?"

तुम्ही लिहायला घेतलात तर एक करा. पूर्ण झाल्यावर डोळे मिटून, टॉकबॅक चालू करून एकदा खेळून बघा. कुठे अडखळता, ते लगेच कळेल.